भात की भाकरी? ताटातले धान्य आणि रक्तातली साखर

मधुमेहाचे निदान झाले की बेळगाव-निपाणी भागातल्या घरांत पहिला प्रश्न ताटाचा निघतो. भात बंद करायचा का? ज्वारीची भाकरी पोटभर खाल्ली तर चालते ना? साखरेऐवजी गूळ घेतला तर? उपवासाला रताळे खावे की शाबू? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर तीन गोष्टींत सापडते: धान्य कोणत्या रूपात पोटात गेले, किती गेले आणि कशाबरोबर गेले. या प्रकरणात त्या तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

१. एका जिल्ह्यातली दोन ताटे

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ताट बदलत जाते. सह्याद्रीला टेकलेल्या खानापूर तालुक्यात पाऊस भरपूर पडतो. तिथे भात आणि नाचणी ही मुख्य पिके. बेळगाव शहराला लागून असलेल्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांचा सुवासिक बासमती प्रसिद्ध आहे. चिकोडी, गोकाक, अथणी या बाजूला पाऊस कमी आणि जमीन काळी, त्यामुळे तिथल्या ताटात ज्वारीची भाकरी पहिली येते. निपाणीचा पट्टा या दोन्हींच्या मधला. तिथे भाकरीही खातात आणि भातही, आणि शिवारात ऊस उभा असल्याने घरात गूळ असतोच.

ताटे निराळी असली तरी दोन्हींचा मोठा भाग कर्बोदकांचा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडिअॅब’ या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये आहाराविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीय माणसाला रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. याच पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालात देशातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख अशी दिली होती. खानापूरला लागून असलेल्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त, २६.४ टक्के आढळले. म्हणून ताटाचा हा हिशेब आजारी माणसाइतकाच घरातल्या बाकीच्यांनीही समजून घ्यायला हवा.

२. रक्तात साखर असते तरी किती?

रक्ततपासणीच्या कागदावर साखरेचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे, हे तो सांगतो. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी आकडा १०० आला, तर त्या सगळ्या रक्तात मिळून सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज असते. चहाच्या एका चमच्यात साखर मावते तेवढेच.

याउलट, मोठ्या थापलेल्या एका भाकरीत ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि पचनानंतर त्यांचे बहुतांशी ग्लुकोज होते. रक्तात एका वेळी जितके ग्लुकोज असते त्याच्या बारापट ग्लुकोज एकाच भाकरीतून येते. तरीही निरोगी माणसाची साखर बारापट होत नाही, कारण शरीर आलेले ग्लुकोज रक्तातून लगेच उचलत असते. हे काम स्वादुपिंडात तयार होणाऱ्या इन्सुलिनच्या आज्ञेने चालते. काही ग्लुकोज यकृतात साठते, बरेचसे स्नायूंत जाते आणि उरलेल्याची चरबी होते. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम साठा मावतो.

मधुमेहात ही उचल मंदावते. इन्सुलिन कमी पडते किंवा त्याची आज्ञा पेशी नीट पाळत नाहीत. मग ग्लुकोज रक्तातच साचून राहते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत २०० किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या ‘एचबीए१सी’ चाचणीत ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, असे आकडे आले तर मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून निदानाची खात्री करतात. साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीतून जाऊ लागते. मात्र त्याच्या खालची वाढही वर्षानुवर्षे टिकली तर डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांना धक्का पोहोचतो.

३. कर्बोदकांचे कुटुंब

कर्बोदके तीन गटांत समजून घेता येतात.

पहिला गट साध्या साखरांचा. ग्लुकोज थेट रक्तात जाते. फळांत आणि मधात असणारे फ्रुक्टोज आधी यकृतात जाते. त्यामुळे रक्तातली साखर लगेच फारशी वाढत नाही, पण जास्त फ्रुक्टोजमुळे यकृतात चरबी वाढते. आपली घरातली साखर म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. दुधातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी.

दुसरा गट पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. भात, भाकरी, पोळी, बटाटा, शाबू यांत तोच असतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कणांची लांबलचक साखळी. तिची चव गोड नसते, म्हणून ती साखर नाही असे वाटते. पण लाळेतले आणि आतड्यातले पाचकरस ती साखळी तोडतात आणि शेवटी ग्लुकोजच उरते. न गोड लागणाऱ्या भाताने साखर का वाढते, याचे उत्तर इथे आहे.

तिसरा गट तंतुमय पदार्थांचा. धान्याचा कोंडा, भाज्यांचे धागे, कडधान्यांची साले हे या गटातले. माणसाचे पाचकरस ते तोडू शकत नाहीत, म्हणून त्यांचे ग्लुकोज होत नाही. उलट ते बाकीच्या पिष्टाची वाट अडवून पचन धीमे करतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम धान्यात पचणारी कर्बोदके आणि तंतू साधारण असे असतात:

कांडलेला पांढरा तांदूळ: कर्बोदके ७८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅम
ज्वारी: कर्बोदके ६८ ग्रॅम, तंतू १० ग्रॅम
नाचणी: कर्बोदके ६७ ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम
गव्हाची कणीक: कर्बोदके ६४ ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. ज्वारी, नाचणी आणि कणीक यांत तांदळाच्या तिप्पट-चौपट तंतू आहेत, हा त्यांचा मोठा गुण. पण कर्बोदकांच्या मापात त्या तांदळापेक्षा फार मागे नाहीत. शंभरात दहा-चौदा ग्रॅमचाच फरक आहे.

४. साखर किती वेगाने वाढते?

सारख्याच वजनाची कर्बोदके वेगवेगळ्या पदार्थांतून घेतली तर साखर सारखी वाढत नाही. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा फरक मोजण्याची रीत मांडली. ५० ग्रॅम कर्बोदके असतील इतका पदार्थ माणसाला खायला द्यायचा, पुढचे दोन तास ठरावीक वेळाने रक्त तपासायचे आणि साखरेची वाढ शुद्ध ग्लुकोजने होणाऱ्या वाढीशी ताडून पाहायची. ग्लुकोजला १०० गुण. या गुणांना ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. सोयीसाठी इथे त्याला ‘वेगांक’ म्हणू. ५५ पर्यंतचा वेगांक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढचा जास्त.

मटकी, हरभरा, मसूर, राजमा यांसारख्या डाळी-कडधान्यांचा वेगांक साधारण २५ ते ४० असतो. दूध ४० च्या आसपास, सफरचंद ३६, केळे ५० च्या आसपास, साखर ६५, उकडलेला बटाटा ७८.

भाताचा वेगांक जातीवर अवलंबून असतो. पिष्टात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. एक सरळ, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून राहतात, म्हणून पाचकरसांना त्या तोडायला वेळ लागतो. फांद्यांच्या साखळीला अनेक टोके असल्याने ती झटपट तुटते. शिजल्यावर मोकळा होणाऱ्या लांब दाण्याच्या तांदळात बहुधा सरळ साखळ्या जास्त असतात आणि मऊ, चिकट होणाऱ्या भातात कमी. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सोना मसुरीचा वेगांक ७२, पोन्नीचा ७० आणि सुरती कोलमचा ७७ आला. कर्नाटक-महाराष्ट्रात रोज खाल्ले जाणारे सोना मसुरी आणि कोलम दोन्ही ‘जास्त’ या गटात पडतात.

भाकरी आणि पोळीचे आकडे मात्र प्रयोगागणिक बरेच बदलतात. पीठ किती बारीक, भाकरी किती जाड, सोबत काय, यावर ते ठरतात. म्हणून भाकरीचा एकच एक वेगांक पाठ करण्यात अर्थ नाही.

५. वेगाबरोबर प्रमाणही मोजावे लागते

वेगांकात एक मोठी उणीव आहे. तो सगळ्या पदार्थांतून सारखीच, ५० ग्रॅम कर्बोदके घेऊन काढलेला असतो. प्रत्यक्षात कोणी इतके मोजून खात नाही.

उसाच्या फडाला पाटाने पाणी देताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाण्याचा जोर फार असेल तर ते मुरण्याआधीच सरी फोडते. पण जोर कमी ठेवूनही रात्रभर पाट चालू राहिला तर फड तुंबतोच. वेगांक हा पाण्याचा जोर आहे, आणि ताटातले प्रमाण म्हणजे पाट किती वेळ चालू राहिला ते.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारे माप १९९७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी वापरात आणले. त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. मराठीत ‘शर्कराभार’ म्हणता येईल. हिशेब सोपा आहे. ताटात वाढलेल्या पदार्थात कर्बोदके किती ग्रॅम आहेत ते घ्यायचे, त्याला वेगांकाने गुणायचे आणि १०० ने भागायचे. उत्तर १० पर्यंत आले तर भार कमी, ११ ते १९ मध्यम, २० पासून पुढे जास्त.

कलिंगडाचा वेगांक ७६, म्हणजे सोना मसुरीच्या भाताच्या वर. पण कलिंगडात पाणीच जास्त असते. १५० ग्रॅमच्या फोडीत कर्बोदके जेमतेम १० ग्रॅम. १० गुणिले ७६ भागिले १०० म्हणजे ७.६. भार कमी. त्याउलट सोना मसुरीच्या एका वाटी भातात सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके. ३४ गुणिले ७२ भागिले १०० म्हणजे सुमारे २४. दोन वाट्या घेतल्या तर ४९. वेगांक दोन्ही वेळा तोच, भार मात्र दुप्पट.

६. एक भाकरी, एक वाटी, दोन पोळ्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढचे आकडे घरगुती मापांसाठी आहेत आणि अंदाजे आहेत. घरातला वजनकाटा एकदा वापरून आपापली मापे पक्की करून घ्यावीत.

५० ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी: ३४ ग्रॅम कर्बोदके
९० ग्रॅम पिठाची मोठी भाकरी: ६१ ग्रॅम
१२० ग्रॅम शिजलेला भात, एक वाटी: ३४ ग्रॅम
३० ग्रॅम कणकेची एक पोळी: १९ ग्रॅम
५० ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी: ३८ ग्रॅम
एक मध्यम इडली: १० ते १२ ग्रॅम

म्हणजे एक मध्यम भाकरी, एक वाटी भात आणि दोनपेक्षा थोड्या कमी पोळ्या यांतून येणारी कर्बोदके जवळजवळ सारखी.

आता दोन माणसांची ताटे पाहू. एकाने भात सोडला आणि ‘भाकरी चालते’ म्हणून दोन मोठ्या भाकऱ्या घेतल्या. त्याच्या पोटात १२२ ग्रॅम कर्बोदके गेली. उदाहरणापुरता भाकरीचा वेगांक ६० धरला तर भार ७३ होतो. दुसऱ्याने भाकरी न घेता एक वाटी सोना मसुरीचा भात घेतला. त्याचा भार २४. भाकरी खाणाऱ्याच्या ताटाचा भार भात खाणाऱ्याच्या तिप्पट झाला. दोघांनी समान कर्बोदके खाल्ली असती तर तंतूंमुळे भाकरीचे पारडे चांगले ठरले असते. इथे फरक प्रमाणाने पाडला.

२०२५ च्या ‘इंडिअॅब’ अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. पांढरा तांदूळ किंवा मैद्याच्या जागी नुसती कणीक किंवा भरडधान्ये घेतली, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा काही वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्ये किंवा दुधाची प्रथिने घेणाऱ्यांत मात्र धोका कमी आढळला.

अनेक आहारतज्ज्ञ प्रौढ मधुमेहीच्या एका जेवणाचा हिशेब ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू करतात. मग वय, वजन, काम आणि औषधे पाहून तो कमी-जास्त करतात. एक मध्यम भाकरी (३४), ३० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ (सुमारे १५), पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक (मिळून ६ ते ८) असे ताट ५५ ते ५७ ग्रॅमपर्यंत जाते आणि पोटही भरते. दिवसभर उसाची तोड करणाऱ्या माणसाला हे ताट पुरणार नाही. त्याचे स्नायू ग्लुकोज सतत वापरत असतात. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याने त्याच्याइतक्या भाकऱ्या खाल्ल्या तर ते ग्लुकोज जायला जागा नसते.

७. त्याच धान्याचे रूप बदलले की

धान्याचा दाणा जितका अखंड, तितके पचन धीमे. दाणा फुटला, दळला, चाळला, फुगवला की पाचकरसांना आत शिरायला वाट मिळते. म्हणून अख्ख्या गव्हाची खीर, गव्हाचा जाड रवा, कणीक आणि मैदा या क्रमाने वेग वाढत जातो. चाळणीत कोंडा टाकून दिला की तंतूही जातात.

बेळगाव, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांत आणि पलीकडे सांगली, साताऱ्यात पिकणाऱ्या खपली गव्हाला मधुमेहींमध्ये मागणी असते. हा गहू तंतू आणि प्रथिनांनी चांगला आहे. पण खपलीच्या चार पोळ्या साध्या गव्हाच्या दोन पोळ्यांपेक्षा हलक्या ठरत नाहीत.

चिरमुऱ्यांत तांदूळ फुगवलेला असतो, म्हणून त्यांचा वेग जास्त. पण ते वजनाला हलके असल्याने मूठभर चिरमुऱ्यांचा भार कमी राहतो. भडंगाचा डबा समोर ठेवून हात चालू राहिला तर तो पटकन वाढतो. नाचणीची आंबील पातळ आणि बारीक पिठाची, म्हणून लवकर पचते. मात्र वाटीभर आंबिलीत २० ग्रॅम पीठ घातले तर कर्बोदके १३ ग्रॅमच होतात, म्हणून ती मापात चालते.

शिजलेले पिष्ट थंड झाले की त्याच्या काही साखळ्या पुन्हा घट्ट होतात आणि पाचकरसांना दाद देत नाहीत. त्यामुळे थंड झालेला भात किंवा शिळी भाकरी ताज्यापेक्षा साखर किंचित कमी वाढवते. हा फायदा लहान आहे, त्याच्या भरवशावर प्रमाण वाढवू नये. शिवाय शिजलेला भात रात्रभर उघड्यावर ठेवला तर त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. ठेवायचाच तर फ्रिजमध्ये ठेवावा.

८. गूळ, साखर आणि सणाचे ताट

निपाणी आणि संकेश्वरचा परिसर उसाचा. संकेश्वरचा हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना साखर करतो आणि शिवारातली गुऱ्हाळे गूळ. दोन्ही त्याच रसापासून होतात. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार राहतात, पण १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम साखरच असते आणि ती रक्तात साखरेइतक्याच वेगाने पोहोचते. मधुमेहासाठी गूळ हा साखरेला पर्याय नाही. मध आणि काकवी यांनाही हेच लागू पडते.

चहाचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कपात दोन चमचे साखर आणि दिवसात चार कप, म्हणजे ४० ग्रॅम साखर. एका मध्यम भाकरीपेक्षा जास्त कर्बोदके, आणि त्यांत तंतू किंवा प्रथिने काहीच नाहीत. ताटातली अर्धी भाकरी कमी करण्याआधी कपातली साखर कमी करावी.

सणाला पुरणपोळी येते. एका पोळीत ३० ग्रॅम पीठ (१९), ३० ग्रॅम हरभराडाळ (१४) आणि ३० ग्रॅम गूळ (२५) धरला तर बेरीज ५८ ग्रॅम होते. म्हणजे एक पुरणपोळी हेच एका जेवणाचे सगळे माप. ती खायची असेल तर त्या दिवशी ताटात भात आणि साधी पोळी नको, कटाची आमटी आणि भाजी हवी. बेळगावचा कुंदा आटवलेल्या दुधाचा आणि साखरेचा. दुधातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर थोडी उशिरा रक्तात येते, पण येते सगळी. लग्नघरातले मांडे पातळ असले तरी त्यांत मैदा आणि पिठीसाखर असते. असे पदार्थ जेवणानंतर वरून घेण्याऐवजी जेवणातले काहीतरी वगळून, थोडेच घ्यावेत.

९. उपवासाची गफलत

एकादशी आणि महाशिवरात्रीला ताटातून धान्य जाते, कर्बोदके जात नाहीत. शाबू कसाव्याच्या कंदातल्या पिष्टापासून बनतो. त्यात तंतू आणि प्रथिने जवळजवळ नसतात. ७५ ग्रॅम कोरड्या शाबूच्या खिचडीत ६५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात, म्हणजे एका मोठ्या भाकरीपेक्षाही जास्त. शेंगदाण्याचे कूट भरपूर घातले तर वेग थोडा कमी होतो, प्रमाण तेच राहते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि खानापूरकडे रताळ्याचे पीक मोठे आहे. १०० ग्रॅम रताळ्यात सुमारे २४ ग्रॅम कर्बोदके आणि सोबत तंतू असतात. उकडलेल्या रताळ्याचा वेगांक मध्यम राहतो. भाजल्यावर त्यातले पिष्ट साखरेत बदलत जाते आणि वेग वाढतो. उपवासाला १५० ग्रॅम उकडलेले रताळे दह्याबरोबर घेतले तर कर्बोदके ३६ ग्रॅमच्या आसपास येतात. शाबूच्या खिचडीपेक्षा ते कितीतरी बरे.

१०. सोबत आणि क्रम

कर्बोदके एकटी खाल्ली तर जठरातून लवकर पुढे सरकतात. सोबत डाळ, उसळ, दही, भाजी असेल तर जठर सावकाश रिकामे होते आणि साखर हळूहळू चढते. ताक, चिंच, लिंबू यांचा आंबटपणाही हाच परिणाम काही अंशी करतो. तेल-तुपानेही वेग कमी होतो, पण उष्मांक वाढतात, म्हणून तो उपाय मानू नये.

कोणता पदार्थ आधी खायचा यानेही फरक पडतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मधुमेहींच्या एका लहान गटाला तेच जेवण दोन क्रमांनी दिले. भाज्या आणि प्रथिने आधी व कर्बोदके शेवटी खाल्ली, तेव्हा एका तासानंतरची साखर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्के कमी आढळली. आपल्या ताटात हे सहज जमते: आधी कोशिंबीर, मग भाजी आणि उसळ, त्यानंतर भाकरी, शेवटी हवा तर दोन घास भात. हुलग्याचे माडगे किंवा घट्ट आमटी सुरुवातीला घेतली तर उत्तमच.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की पायांचे स्नायू रक्तातले ग्लुकोज थेट उचलतात. त्यासाठी जादा इन्सुलिन लागत नाही. साखर चढत असते त्याच वेळी हे चालणे सर्वांत उपयोगी पडते.

११. एकच ताट, दोन माणसे

तेच जेवण जेवून एकाची साखर १४० वर थांबते आणि दुसऱ्याची २२० वर जाते. स्नायू किती, पोटाभोवतीची चरबी किती, झोप कशी, औषध कोणते, आतड्यातले जिवाणू कोणते, अशा अनेक गोष्टींवर हे अवलंबून असते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांच्या साखरेची सलग नोंद ठेवली, तेव्हा एकाच पदार्थाला माणसागणिक वेगळा प्रतिसाद मिळालेला दिसला.

भारतीयांच्या बाबतीत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. अशा शरीरात ग्लुकोज साठवायला जागा कमी पडते. म्हणून ‘मी बारीक आहे, मला साखर होणार नाही’ हा समज धोक्याचा आहे.

१२. मोजून पाहावे आणि सांभाळावे

कोष्टके दिशा दाखवतात. आपल्या शरीराचे उत्तर मात्र रक्तच देते. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी. एके दिवशी दोन भाकऱ्या, दुसऱ्या दिवशी एक भाकरी आणि उसळ, तिसऱ्या दिवशी एक वाटी भात आणि घट्ट आमटी, असे बदलून आकडे वहीत लिहावेत. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत ठेवण्याचे ध्येय असते. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलू शकतात.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी भात-भाकरी एकदम कमी करू नये आणि डॉक्टरांना न विचारता उपवास करू नये. औषध तेवढेच राहिले आणि कर्बोदके घटली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. ती ७० च्या वर आली नसेल तर तेच पुन्हा करावे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे.

भात विष नाही आणि भाकरी औषध नाही. येळ्ळूरचा भात असो की अथणीकडची ज्वारी, मधुमेहीच्या ताटात दोन्हींना जागा आहे, पण ती ताटाच्या एका पावापुरती. दुसरा पाव डाळी-कडधान्यांचा आणि उरलेले अर्धे ताट भाज्यांचे असावे. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी आजच एकदा पीठ तोलून भाकरी थापावी आणि वाटीने भात मोजावा. आपण रोज किती खातो हे कळले की किती कमी करायचे हे ठरवणे सोपे जाते.